गाळ तेवढा माझा

हेडफोनमध्ये एक बाई हसली आणि शिंप्याचा माउसवरचा हात जागच्या जागी थांबला.

शिंपी हा काही खराखुरा शिंपी नव्हे. शर्टाचं बटण तुटलं तर तो बहीण यायची वाट बघतो. पण अंतराळयानांच्या सिनेमांवर जीव टाकणाऱ्या मंडळींत त्याला याच नावाने ओळखतात. तो सिनेमा उसवतो, पुन्हा जोडतो, आणि टाका कुठे घातला ते कुणाच्या बापाला कळत नाही. सध्या त्याने एक जुना सिनेमा हातात घेतला होता. यान फुटण्याआधी त्यातला कप्तान रेडिओवरून घोगऱ्या आवाजात निरोप देतो. पुढे कंपनीने सगळा आवाज नव्याने भरला आणि पहिल्या वेळचा तो घोगरा निरोप कुठेच उरला नाही. शिंप्याने चार ठिकाणी विचारणा केली. उत्तर एकच आलं, एका म्हाताऱ्या बाईंचं. त्यांच्या यजमानांनी खिशात रेकॉर्डर लपवून, थिएटरात बसून अख्खा सिनेमा कॅसेटवर उतरवला होता. यजमान गेल्या वर्षी वारले होते.

खोकला, कुजबुज, खुर्च्यांची कुरकुर, पंख्यांची घरघर हे सगळं सिनेमातून गाळून काढतो, असं शिंप्याने त्यांना फोनवर समजावलं होतं. "आणि तो गाळ? तो ठेवता येतो?" त्यांनी विचारलं. येतो, शिंपी म्हणाला, वेगळ्या फाइलमध्ये राहतो.

"मग सिनेमा तुमचा," बाई म्हणाल्या. "गाळ तेवढा माझा."

"यजमानांचा आवाज असेल म्हणून?"

"असेल. मी काही त्यांच्याबरोबर कधी गेले नाही."

कॅसेट इतकी जुनी, की एकदाच वाजली आणि पट्टीवरचा थर पिठासारखा झडून गेला. पण त्या एका वाजण्यात सगळा आवाज संगणकावर उतरला. कप्तान सापडला! तीन दिवस शिंपी नुसता हवेत होता. रविवारी दुपारी तो बाईंसाठी गाळ ऐकायला बसला, तर त्यातून हे हसू निघालं. त्याने मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

"घरी काय सांगून आलात?" हसणारीचा आवाज तरुण होता.

"ऑफिसात काम आहे म्हणून."

"आणि कळलं तर?"

"कळतंय कसलं! हात दे इकडे. आता यान फुटणार."

मग स्फोटाचा पुसट आवाज, तिची बारीकशी किंकाळी, आणि दोघांचं दाबलेलं हसू.

शिंप्याने हेडफोन काढून ठेवला. त्याच्या वडिलांचं प्रकरण असंच ते गेल्यावर बाहेर आलं होतं. कोटाच्या खिशात दोन चिठ्ठ्या निघाल्या. आईने भिंतीवरचा त्यांचा फोटो उतरवला आणि पुढची अकरा वर्षं नवऱ्याचं नावसुद्धा काढलं नाही. त्या चिठ्ठ्या आपल्या हाती आधी लागायला हव्या होत्या, हे त्याच्या मनातून कधी गेलं नाही. आपण त्या फाडून टाकल्या असत्या. आई निदान मोकळेपणी रडली असती.

त्याने चाळीस सेकंद कापले. तिथे पंख्याची घरघर भरली, मधला पुसट स्फोट तेवढा परत घातला, आधीच्या-नंतरच्या आवाजाशी जुळवून घेतला. नेहमीसारखाच टाका, न दिसणारा. मग मूळ रेकॉर्डिंगमधूनही तो तुकडा पुसला. तो सगळ्याच्या तीन प्रती ठेवत असे. तिन्ही डिस्कवरून पुसला, आणि असा पुसला की पुढेमागे आपल्यालाही आणता येऊ नये. झाल्यावर त्याला खरंच हलकं वाटलं.

दोन दिवसांनी तो स्वतःच लॅपटॉप घेऊन बाईंकडे गेला. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, खिडकीपाशी टेबल. बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि हेडफोन लावला. पहिल्याच खोकल्याला त्या हसल्या. "हा ह्यांचाच. असेच खाकरायचे, वाघ मारल्यासारखे." शिंपीही हसला. आलो ते बरं केलं, असं त्याला वाटलं.

त्या पुढे ऐकत राहिल्या. तास झाला, दीड तास झाला. मागे कप्तानाचा पुसट निरोप ऐकू आला, यान फुटायची वेळ आली, तशा त्या ताठ बसल्या आणि दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला. स्फोट झाला. त्या तशाच बसून राहिल्या, अगदी लोक उठून खुर्च्या आपटतात तिथपर्यंत. मग हेडफोन काढला.

"यान फुटतं तिथे कुणी ओरडत नाही का हो?"

"नाही," शिंपी म्हणाला. "कुणीच नाही."

"असं कसं? ओरडली असणारच. फार दचकायची." त्यांनी चष्मा पुसला. "लेक माझी. कॉलेजात होती. हृदयाचं दुखणं, गर्दीत नेऊ नका म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. कॉलेज सोडलं तर मी तिला उंबऱ्याबाहेर पडू देत नव्हते. तर हे दोघं मला थापा मारून सिनेमाला! ती गेली आणि हे वीस वर्षं तोंड मिटून बसले. मी रागावेन म्हणून. अगदी शेवटी, दवाखान्यात, कॅसेट कुठे आहे ते सांगितलं."

शिंप्याने टेबलावरचा हेडफोन उचलला आणि परत ठेवला.

"तिचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठलाच नाही," बाई म्हणाल्या आणि टेबलाचा आधार घेऊन उठल्या. "तुमच्या ऐकण्यातून सुटलं असेल. बघा बरं पुन्हा एकदा. मी चहा टाकते."