दीड लिटरचं पातेलं

स्वयंपाकघरातल्या बेसिनखाली पाइपच्या जोडातून सेकंदाला एक थेंब गळत होता. खाली ठेवलेलं दीड लिटरचं पातेलं आठ तासांत भरायचं, आणि त्याहून मोठं भांडं तिथे मावत नव्हतं. मुलगा बारा तास कामावर, त्यामुळे पातेलं ओतायचं काम आईकडे होतं.

"अरे, माझ्या ताईने अंथरूण धरलंय. चार दिवस तिच्याकडे राहून येते म्हणते. प्लंबरला बोलाव ना."

"बोलावतो गं. ह्या रविवारी नक्की."

"तुझा रविवार उगवेपर्यंत मी आहेच पातेल्याच्या पहाऱ्यावर," ती हसून म्हणायची.

असे पाच रविवार गेले. मग एका सकाळी मामाचा फोन आला, मावशी गेली. आई अंगावरच्या कपड्यांनिशी मामाबरोबर निघाली. मुलाला मावशीचं शेवटचं दर्शनही घेता आलं नाही. घरी पातेलं होतं.

त्याच दुपारी त्याने प्लंबरला बोलावलं. प्लंबरने झिजलेला वॉशर काढून नवा बसवला, जोड आवळला आणि हात पुसले.

"दहा मिनिटांचं काम, साहेब. एवढे दिवस कशाला थांबलात?"

आई तीन दिवसांनी परतली. पाणीही न पिता ती बेसिनपाशी वाकली आणि कोरड्या जोडावरून तिने बोट फिरवून पाहिलं.

"किती वेळ लागला रे?"

"सबंध दिवस गेला, आई," तो म्हणाला. "फार अवघड काम होतं."