पडलेल्याला उठवण्याचा नियम

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकजवळच्या टपरीवर चहा येताच धम्मपालने मोबाइल उघडला आणि दोन्ही गेमची तुलना तेजलला वाचून दाखवायला घेतली.

राजे, चेटकिणी आणि अजगरांच्या त्या ऑनलाइन राज्यात तो आणि तेजल सहा वर्षे जोडीने वावरले होते; तो योद्धा, ती वैद्य. ओळख तिथलीच. लग्नाचा विषयही प्रथम तिथल्याच एका पुलावर निघालेला. महिन्यापूर्वी ती न सांगता दुसऱ्या गेममध्ये निघून गेली आणि त्याचे फोन घेईनाशी झाली. आज कशीबशी भेटायला तयार झाली होती. तिला परत न्यायचेच, या निश्चयाने तो सिन्नरहून कंपनीची पाळी बुडवून आला होता.

नव्या गेममध्ये नकाशावर बोट ठेवले की घोडा आपोआप मुक्कामी पोहोचतो, हे त्याने मान्य केले. पण मग वाट पाहिली कोणी? मारलेल्या राक्षसाचे धन न वेचता थैलीत येते, हेही मान्य. पण आपली थैली दुप्पट मोठी. प्रत्येक सोयीला त्याच्याकडे तोड होती.

"वकील व्हायचं होतंस रे तू," तेजल म्हणाली. हसली मात्र नाही.

शेवटचा मुद्दा त्याने राखून ठेवला होता. तिकडे पडलेला खेळाडू मिनिटभरात स्वतःच उठतो. आपल्याकडे जोडीदार येऊन हात देईपर्यंत उठता येत नाही.

"यालाच तर सोबत म्हणतात," तो म्हणाला.

तेजलने ग्लास खाली ठेवला. "मी शेवटची पडले, तो वार कोणता होता?"

त्याने जागा सांगितली: काळ्या दरीचा तळ. दोन तोंडांचा अजगर. विषावरचा उतारा ती घ्यायला विसरली होती. सगळे अचूक.

"वार विचारला मी."

त्याला आठवेना.

"गुरुवार. आईला ऑपरेशनला आत नेलं होतं. तुला सकाळीच सांगितलेलं. बाहेर बाकावर काही सुचेना, म्हणून खेळत बसले. पडले, तशी तुला हाक दिली. तुझ्या नावापुढचा हिरवा दिवा चार तास दिसत होता मला."

हाक त्याने पाहिली होती. त्या वेळी तो खेळाडूंच्या ग्रुपवर, आपलाच गेम कसा श्रेष्ठ, हे कोणा अनोळखी माणसाला मुद्देसूद पटवून देत होता. तो वाद त्याने जिंकलाही होता.

चहावर साय धरली.

"आई कशा आहेत आता?" त्याने विचारले.

तेजल उठून गाडीपाशी गेली. तिने ओढणी चेहऱ्याभोवती घट्ट गुंडाळून मागे गाठ मारली. डोळे तेवढे उघडे राहिले होते. त्यांवर तिने गॉगल चढवला.