खंडेनवमीचं कुंकू

आश्रुबाचं बोट चिमट्यात अडकलेलं होतं, नाहीतर तो केव्हाच प्रयोगशाळेबाहेर पसार झाला असता.

चिमट्याची वायर टेबलावरच्या हिरव्या बोर्डात गेली होती. बोर्डाने त्याची नाडी मोजायची आणि समोरच्या पडद्यावर दाखवायची, एवढं साधं काम. पण सुकन्या मॅडमनी बटण दाबल्याबरोबर बोर्डातून चट्‌ आवाज आला, करपल्याचा वास सुटला आणि पडदा काळाच राहिला. दिल्लीहून आलेल्या समितीतले दोघेही खुर्चीत पुढे सरकून बसले.

वास कशाचा, हे खोलीत एकट्या आश्रुबाला ठाऊक होतं. बीडच्या या इंजिनिअरिंग कॉलेजात तो वीस वर्षं शिपाई. परवा खंडेनवमीला घरचा कोयता, खुरपं, कुऱ्हाड पुजून झाल्यावर त्याच्या मनात आलं, मॅडमच्या हत्याराला कोण पुजणार? तसाच कॉलेजात आला. झाकण काढून मधल्या काळ्या चिपवर कुंकवाचं बोट टेकवलं, वरून पळीभर पाणी फिरवलं आणि डोळे मिटून हात जोडले. दसऱ्याची सुट्टी संपवून आज सकाळी त्याने सगळं पुसूनही काढलं होतं. वरचं निघालं. चिपच्या बारीक पायांत शिरलेलं काही निघालं नव्हतं.

मॅडम बोर्डावर वाकल्या. त्यांनी चिपच्या कडेने नख फिरवलं, तर नखाला लाल लागलं. त्यांनी आधी नखाकडे पाहिलं, मग आश्रुबाकडे. आश्रुबाने मान खाली घातली.

सरकारने या संशोधनाला दिलेली मुदत आज संपत होती. समितीला पटलं तर काम पुढे चालणार, नाहीतर बोर्ड खोक्यात घालून परत पाठवायचं आणि मॅडमची तीन वर्षं पाण्यात. हे मॅडमनीच त्याला सांगितलं होतं, आणि शहाण्याने नेमकं त्याच बोर्डावर पाणी ओतलं होतं.

तेवढ्यात पडदा उजळला. चिपचा नकाशा आला, शेकडो हिरवे चौकोन. त्यातला एक कोपरा हळूहळू लाल झाला. मॅडमनी टेबलाची कड घट्ट धरली. चिपचं हे प्रकरण आश्रुबाला त्यांनी चहा पिता पिता कितीदा तरी समजावलं होतं. साध्या चिपमधल्या विजेच्या वाटा कारखान्यातच कायमच्या ठरून येतात. हिच्या वाटा मात्र मोडून हव्या तशा पुन्हा पाडता येतात. तेव्हा तिचा एखादा भाग निकामी झाला, तर तो तिने स्वतःच हुडकावा आणि काम धडक्या भागात हलवावं, यासाठी सगळा खटाटोप.

लाल कोपऱ्याला वळसा घालून रेषा सरकू लागल्या. मिनिटभराने नकाशाच्या खाली आश्रुबाची नाडी उमटली. एकशे अठ्ठावीस.

समितीतले तरुण सदस्य टाळी वाजवायच्या बेतात होते, पण अध्यक्ष हसले नाहीत. मूळचे पुण्याचे, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ. हा बिघाड कुणी केला, एवढंच त्यांनी विचारलं.

"मी," मॅडम म्हणाल्या. "मुद्दामच केला, सर. तुम्हाला दाखवायला."

पडद्यावरचा आकडा एकशे छत्तीस झाला. वीस वर्षांत आश्रुबाने बरेच प्राध्यापक पाहिले होते, पण शिपायासाठी खोटं बोलणारं कुणी पाहिलं नव्हतं. त्याला भरून आलं.

अध्यक्षांनी शांतपणे फाइल मिटली. गेल्या वर्षीचाच आक्षेप त्यांनी पुन्हा सांगितला. बिघाड तुम्हीच करता, कुठे करायचा ते तुम्हीच ठरवता, त्यावरचा इलाजही आधीच लिहून ठेवता. स्वतःच पेपर काढायचा आणि स्वतःच पहिला नंबर पटकावायचा, याला संशोधन कसं म्हणायचं? मॅडमचा चेहरा उतरला.

नोकरी गेली तर गेली, असं म्हणून आश्रुबाने तोंड उघडलं.

"सायेब, मॅडम खोटं बोलायल्यात. बिघाड म्या केलाय. खंडेनवमीची पूजा केली, कुकवाचं पाणी आत गेलं. त्यान्ला काईच म्हाईत न्हवतं."

अध्यक्ष त्याच्याकडे वळले. पाणी नेमकं कुठे शिरलं, हे तुम्हाला तरी माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं.

"न्हाई सायेब. म्या आपलं मधोमध बोट टेकवलं. खाली कुटं गेलं ते द्येवालाच म्हाईत."

"म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं," अध्यक्ष म्हणाले. "आणि या चिपने ते शोधून काढलं."

ते उठून पडद्यापाशी गेले. त्यांनी त्या लाल कोपऱ्यावर बोट ठेवलं, आणि मग त्यांच्या पांढऱ्या मिशा हलायला लागल्या. एवढा मोजून बोलणारा माणूस अगदी पोट धरून हसला. खोटं बोलून स्वतःचंच संशोधन बुडवायला निघालेली बाई आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं म्हणत त्यांनी फाइल पुन्हा उघडली आणि काम पुढे चालू ठेवावं, असा शेरा उभ्या उभ्याच लिहिला. मग आश्रुबाचं पूर्ण नाव विचारून घेतलं. अहवालात बिघाडाचं कारण लिहायला ते लागणारच होतं. आश्रुबाने वडिलांच्या नावासकट, लिंबागणेश गावच्या पत्त्यासकट सांगितलं.

समिती चहाला गेली. मॅडमनी पदराने डोळे पुसले. ओरडायचं की आभार मानायचे हे त्यांनाच ठरवता येत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "मामा, काढा आता ते बोट."

आश्रुबा पडद्यावर उड्या मारत जाणाऱ्या आपल्या नाडीकडे टक लावून पाहत होता.

"ऱ्हाऊ द्या की मॅडम वाईच," तो म्हणाला. "लई ग्वाड चाललंय."