दोरीचे तीन तारे

"तीन," बाल्ताबेक म्हणाला. मान वर करायचेही कष्ट त्याने घेतले नाहीत. तोंडात तळलेला वडा होता, तो चावता चावताच बोलला.

"पुढचा," म्हातारा सार्सेन अता म्हणाला.

पुढचाही तीनच म्हणाला, त्याच्या पुढचाही. अकरा वर्षं या माळावर हा तमाशा असाच चालतो. थंडीच्या तोंडाशी, पौर्णिमेच्या संध्याकाळी, सगळे बाप्ये हिवाळी घराच्या मागे जमतात. वाडगेच्या वाडगे चहा ढोसतात. पौर्णिमा असली की परतताना कंदील लागत नाही, तेवढीच सोय. मग म्हातारा एकच प्रश्न विचारतो: दोरीत तारे किती दिसतात?

ध्रुवतारा म्हणजे लोखंडी खुंटा. त्याला दोन पांढरे घोडे, म्हणजे दोन ठळक तारे, बांधलेत आणि सात चोर, म्हणजे सप्तर्षी, त्यांच्यावर टपून फेऱ्या घालतायत. खुंट्यापासून घोड्यांपर्यंतची दोरी म्हणजे तीन मिणमिणते तारे. इथलं पोर चालायला लागायच्या आधी हे शिकतं. ज्याला दोरी दिसली त्याची नजर तेज, असं आमचे जुने लोक म्हणायचे. त्यालाच हिवाळाभर रात्री घोड्यांचा कळप राखायला द्यायचे, आणि कळपाबरोबर हे घरही.

पण म्हातारा द्यायचा कुठे? बरोबर उत्तर ऐकायचं, "बघू पुढच्या वर्षी" म्हणायचं आणि घोडे पकडायची फासाची लांब काठी उचलून पुन्हा स्वतःच घोड्यावर बसायचं. अकरा वर्षांपूर्वी हिमवादळात त्याचा धाकटा भाऊ "कळप दिसतोय, चला" असं ओरडत पुढे गेला आणि तीस घोड्यांसकट तळ्याच्या बर्फाखाली गेला. तेव्हापासून हे परीक्षेचं खूळ. मेल्याशिवाय काठी सोडणार नाही हावरट, असं त्याच्या पाठीमागे सगळेच म्हणत. तोंडावर मात्र सगळे मानाने अता, अता.

यंदा सोडावीच लागणार होती. म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते. त्याच्या हाताखाली राबणारा ओराझबेक गेल्या माघात घोड्यावरून पडला, त्याची कंबर मोडली. तो आता याच हिवाळी घरात खिडकीपाशी पडून होता. नवा राखणदार ठरला की बायको आणि दोन मुलींना घेऊन बर्फ पडायच्या आत त्याने घर सोडायचं, हेही ठरलेलंच होतं. जायचं कुठे, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याच्याच घरचा चहा पीत होते सगळे.

चहा ओतत होती त्याची बायको, कामशात. नवरा पडल्यापासून कळपामागे तीच जात होती, पण ते कुणी काम म्हणून मोजलं नव्हतं. तिने किटली खाली ठेवली.

"अता, मलाही विचारा."

सगळे फिसकन हसले.

"वहिनी, तुम्ही साखर किती ते सांगा," बाल्ताबेक म्हणाला. "आभाळाचं आम्ही बघतो."

"बघितलंत कधी? वड्यातून डोकं वर निघालं नाही तुमचं."

"विचारलं, सूनबाई," म्हातारा म्हणाला. "बोल."

खिडकीच्या फटीतून ओराझबेक सगळं ऐकत होता. सकाळपासून त्याने तिला शंभरदा बजावलं होतं: तीन म्हण. बाकी काही बोलू नकोस. घर राहील आपलं.

कामशातने वर पाहिलं. डोळ्यांवर हात धरला, बाजूला सरकून गवताच्या गंजीच्या सावलीत उभी राहिली, पुन्हा पाहिलं. चहा निवला. कुणीतरी मुद्दाम जांभई दिली. तीन हा शब्द अगदी तिच्या जिभेवर येऊन बसला होता.

"खुंटा दिसतो," ती म्हणाली. "दोन्ही घोडे दिसतात. दोरी दिसत नाही."

"अगं बाई," बाल्ताबेकने मांडीवर थाप मारली. "मग घोडे काय लाजेकाजेने उभे आहेत तिथे?"

माणसं खोकेपर्यंत हसली. आत ओराझबेकने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तीन आहेत हे माझ्या धाकटीलाही ठाऊक आहे," कामशात म्हणाली. "पण अतांनी किती आहेत ते नाही विचारलं. किती दिसतात ते विचारलं. मला एकही दिसत नाही."

म्हातारा गुडघ्यावर हात देऊन उठला. कुणी आधार दिला नाही, तेवढी अक्कल हसण्याच्या नादात कुणाला नव्हती. भिंतीला टेकवलेली फासाची काठी त्याने घेतली, बाल्ताबेकच्या समोरून नेली आणि कामशातच्या हातात दिली.

"कळप तुझा. घर तुझंच आहे, तिथेच राहा."

हसणं थांबलं. बाल्ताबेक लालबुंद झाला.

"अता, हा कुठला न्याय? आम्हाला सगळ्यांना दिसली. हिला एकटीला दिसली नाही, आणि काठी हिलाच?"

"माझ्या भावालाही कळप दिसत होता," म्हातारा म्हणाला. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, जसा घोडेबाजारात खोड असलेल्या जनावराकडे पाहायचा. "अकरा वर्षं पौर्णिमा बघून विचारतोय, गाढवांनो. एवढ्या चांदण्यात ती दोरी कुणाच्या बापाला दिसत नाही."