इस्त्री

“ही ओळ तुझीच ना?” मॅडमनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवत विचारलं.

ओळीच्या कडेला नाव त्याचंच होतं. वरच्या ओळीला त्याचं, खालच्या ओळीला त्याचं. आणि सकाळपासून शहरातल्या एकूण एक बसथांब्यांवरचे फलक काळे पडले होते, ते नेमके प्रोग्रॅममधल्या या एका ओळीपायी. आज एकोणतीस फेब्रुवारी. ओळीला फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचाच ठाऊक होता. बस धावत होत्या, पण कुठली केव्हा येणार हे थांब्यावर कुणालाच कळत नव्हतं. सगळ्यांचे फोन मॅडमना येत होते.

“नाही मॅडम,” तो म्हणाला. “ती काकांची.”

बोलून झालं आणि त्याचे कान तापले.

ऑफिसात त्याला सगळे इस्त्री म्हणत. दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला सुरकुती दिसली की त्याला राहवत नसे. तसं ते काम त्याचं नव्हेच, ज्यात प्रोग्रॅम लिहायचा त्या एडिटरचं. कंस उघडला की मिटणारा कंस एडिटर आपणहून उमटवायचा. दोन कळा एकदम दाबल्या की फाइलभरच्या ओळी प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारख्या सरळ व्हायच्या. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या काकांना हे मानवत नसे. वयाने ते ऑफिसात सगळ्यांत मोठे. आपोआप मिटणारे कंस त्यांनी केव्हाच बंद करून टाकले होते. “मी उघडला तो मीच मिटवणार,” म्हणायचे. लिहायचे पक्कं, पण मांडायचे वाकडंतिकडं. बसच्या वेळापत्रकाचा सगळा प्रोग्रॅम त्यांनी तीन वर्षं खपून एकट्याने लिहिला होता.

गेल्या वर्षी एका दुपारी इस्त्रीने त्या सबंध प्रोग्रॅमवरून हात फिरवला. अकरा हजार ओळी, आणि वेळ लागला चहाचा कप संपेपर्यंत. एक शब्द बदलला नाही, ओळी तेवढ्या इकडच्या तिकडे सरकल्या. पण नोंद ठेवणाऱ्या यंत्राला ते कुठलं कळायला? ओळीला शेवटचा हात ज्याचा, ओळ त्याच्या नावावर.

महिनाभरात वरून हुकूम आला, बसच्या कामावर दोघांपैकी एकालाच ठेवा. मॅडम तेव्हा नव्याच होत्या. त्यांनी यंत्राकडून मोजणी मागवली. इस्त्रीच्या नावावर अकरा हजार ओळी, काकांच्या नावावर चौदा. “काका दिवसभर करतात तरी काय?” त्यांनी इस्त्रीलाच विचारलं होतं. मागची नोंद उघडून दाखवायला त्याला मिनिटही लागलं नसतं. पण नोकरी त्यालाही हवी होती. त्याने नुसते खांदे उडवले आणि मूग गिळून बसला. आपण खोटं तर काही बोललो नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. काकांची नोकरी गेली. तो गटप्रमुख झाला. धोब्याने गिऱ्हाइकाचा शर्ट घालून मिरवावं तसा तो तेव्हापासून वावरत होता. काकांचं रिकामं टेबल दिसू नये म्हणून खुर्चीसुद्धा त्याने फिरवून घेतली होती.

आणि आज अकरा हजारांतली एकच ओळ त्याने काकांना परत केली होती. चुकलेली.

मॅडमनी काकांना फोन लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलाच्या मध्यावर ठेवला. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

“हो हो, माझीच ती. एकोणतीस तारीख मी धरलीच नाही. काय हा गाढवपणा! त्या पोराला काही बोलू नका हं, त्याचा काही संबंध नाही. कुणीतरी बसा कीबोर्डावर, मी सांगतो.”

इस्त्रीच बसला. दुसरं कोण बसणार?

“कंस उघड,” काका म्हणाले. मग वर्षाला चारने भाग जातो का ते पाहणारी ओळ त्यांनी सावकाश सांगितली. “आता मिटव.”

“मिटलाय, काका.”

“अरे, तू होय! बरं बरं. तुझा आपोआप मिटतो, विसरलोच.”

पाच मिनिटांत फलक उजळले. मॅडमचा जीव भांड्यात पडला. त्या फोन ठेवणार होत्या, पण थांबल्या.

“काका, एक कळलं नाही. प्रोग्रॅम सगळा याचा, मग त्यात तुमची ही एकच ओळ कशी काय आली?”

काका हसले. “एकच कशी? सगळ्याच माझ्या की! तीन वर्षं दुसरं केलंय काय मी तिथे?”

मॅडमनी हळूच त्याच्याकडे मान वळवली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेबलावरच्या फोनकडे बघत तो बसून राहिला. काकांनी एवढ्यावर थांबावं, असं त्याला फार वाटलं.

“अलीकडे डोळे दगा देत होते, मॅडम,” काका सांगत होते. “माझ्या वाकड्या ओळी माझ्याच्याने वाचवत नव्हत्या. मी कुणाला बोललो नव्हतो. ह्याला आपसूक कळलं. एका दुपारी सगळं सरळ करून दिलंन्.” मग आवाज जरा चढवून त्यांनी त्याला हाक मारली. “ऐकतोयस ना रे? जायच्या गडबडीत तुझे आभार मानायचेच राहून गेले बघ.”