टोळीतला ढालकरी

ऑनलाइन खेळातल्या किल्ल्याचं दार पाच जण एकत्र आल्याशिवाय उघडत नसे. अकोल्यात एकट्या राहणाऱ्या सुलभा देवस्थळींना तेच आवडायचं. तिथे रोज कुणीतरी त्यांची वाट पाहायचं. त्या टोळीच्या वैद्य होत्या आणि नांदेडचे यशवंत कहाळेकर ढालकरी. कित्येक वर्षांच्या गप्पांनंतर, एक दिवस पत्ता शोधून त्या कहाळेकरांच्या घरी गेल्या.

कहाळेकरांनी त्यांना ओळखलंच नाही.

“मी वैद्यबाई,” सुलभाताई म्हणाल्या.

“अहो, तो खेळ मी पहिल्याच महिन्यात सोडला,” ते संकोचून म्हणाले. “कुणी सोडून गेलं की टोळी अडू नये म्हणून त्याच्या नावानं यंत्रच खेळतं, बोलतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

त्यांनी आग्रहानं चहा दिला. तो पिऊन त्या निघाल्या.

घरी परतल्यावर सुलभाताई खेळात शिरल्या. चौघे उभेच होते. बाकीच्या तिघांना, तुम्ही तरी खरे आहात ना, असं विचारायचं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. पण धीर झाला नाही.

“वैद्यबाई, होतात कुठे दिवसभर?” ढालकऱ्यानं विचारलं.

“एका ओळखीच्यांकडे गेले होते.”

“मग, भेटले का?”

“नाही,” त्या म्हणाल्या, “घरी कुणी नव्हतं.”