काचेवर राहिलेली बाजू

“हे कोण?” आईने विचारलं.

“बाबा,” मुलगी म्हणाली.

आईने चष्मा नाकावर नीट बसवला. टॅबलेट हातभर लांब धरला, मग जवळ आणला. “छे! इतका शहाणा चेहरा ह्यांचा आयुष्यात कधी नव्हता. हा ह्यांचा एखादा चुलतभाऊ असेल. बँकेतला.”

मुलीचा चेहरा पडला. चूक कुठे झाली ते तिला माहीत होतं. घरात बाबांचा एकच फोटो होता आणि तो ओल लागून फ्रेमच्या काचेला चिकटला होता. तिच्या लहानपणी कुणीतरी तो सोडवायला गेलं, आणि डावी भुवई, डावा डोळा, डावा गाल काचेवरच राहिला. बाबा गेले तेव्हा ती पाळण्यात होती. म्हणजे अर्ध्या बापावरच ती मोठी झाली होती. पुढे स्क्रीनवर लोकांची चित्रं काढून पोट भरायला लागली, तेव्हा तिने ठरवलं की आईला आख्खे बाबा काढून द्यायचे. उरलेली बाजू तिने घेतली, उलटी केली आणि शेजारी जोडली. चेहरा पूर्ण झाला आणि माणूस गेला. दोन्हीकडून सारखा माणूस देवाने अजून घडवलेला नाही.

आईला द्यायचं हे नुसतं निमित्त होतं म्हणा. सगळे तिला आईची झेरॉक्स म्हणायचे. बापाचं आपल्यात काहीच उतरलं नाही, ही सल तिला जन्माची होती. निदान एकदा तरी त्याने आपल्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघावं, एवढंच तिला हवं होतं.

“मग तूच सांग,” ती म्हणाली. “तुझ्याशिवाय सांगणारं आता उरलंय कोण? तू सांग, मी काढते.”

आई मटारच्या शेंगा घेऊन टेबलाच्या पलीकडे, तिच्या बरोबर समोर बसली.

“अगं, इकडे शेजारी ये ना. तिकडून स्क्रीन कशी दिसणार?”

“त्या उजेडाने माझे डोळे चुरचुरतात. मी इथेच बरी आहे. तू काढ.”

मुलीने जोडलेली बाजू पुसून टाकली. शाबूत गालावरून कातडीचा रंग उचलला. नवा लेयर घेतला, म्हणजे चित्रावर जणू एक पारदर्शक कागद ठेवला. चुकलं तर तेवढाच काढून टाकायचा, खालचं चित्र सुखरूप.

“भुवई ह्या बाजूची जरा वर,” आई म्हणाली. एक शेंग फुटली, दाणे भांड्यात पडले. “टोकाला विरळ. पापणी जड. दिवसभर आत्ताच झोपेतून उठल्यासारखी.”

मुलगी आधी मोठ्या ब्रशने सावल्या टाकत होती, मग बारीक ब्रशने कडा काढत होती. आईला काही घाई नव्हती. मधेच म्हणायची, “मान वर कर गं, पाठ धरेल.” मुलगी मान वर करायची. आई पुढचं सांगायची. नाकपुडीपासून निघालेली पुसट घडी. कानाच्या पाळीशेजारचा तीळ, तोही पाळीआड अर्धा लपलेला.

मुलगी थक्क झाली. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी ही बाई! आणि इतक्या वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याचा तीळसुद्धा तिच्या ध्यानात? आपल्याला कधी कुणी असं जपून ठेवेल का, असं तिच्या मनात आलं आणि तिचे डोळे भरून आले.

“आणि ओठाचा कोपरा?”

आईने शेंग तशीच हातात धरली. “हसरा नाही हं. समोरच्याचं सगळं ऐकून घेतोय, पण पटलेलं काही नाही. तसा.”

“म्हणजे कसा?”

“हां! अगदी अस्साच,” आई म्हणाली.

पेन अजून स्क्रीनला लागलंही नव्हतं. मुलीला वाटलं, बाबा आईच्या डोळ्यांसमोर उभे राहिले असणार. तिने श्वास रोखून तो कोपरा काढला.

मटार संपले तेव्हा चेहरा पूर्ण झाला होता. दोन्ही बाजूंचं आता एकमेकींशी भांडण नव्हतं. एक जिवंत माणूस तिच्याकडे बघत होता, आणि कधी न भेटताही तो तिच्या ओळखीचा होता.

आता शेवटची तपासणी राहिली. फार वेळ बघितलं की डोळा चित्राला सरावतो, चुका दिसेनाशा होतात. म्हणून हे काम करणारे चित्र एकदा उलटवतात. डावं उजवीकडे जातं, उजवं डावीकडे, आणि लपलेल्या चुका झटकन उघड्या पडतात. तिने बटण दाबलं.

चूक एकही नव्हती.

पण तिचा हात हवेतच राहिला. आईने सांगितलेली बाजू आता उलटून आली होती, आणि ती बाजू तिला तोंडपाठ होती. ती चढलेली भुवई, ती जड पापणी, तो काहीही न पटलेला ओठ ती रोज सकाळी दात घासताना बघत होती. आरशात.

तिने मान वर केली. आई तिच्याकडेच बघत होती. नीट सांगायचं तर, तिच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूकडे.

“आई,” ती म्हणाली. “तू आठवून सांगत नव्हतीस.”

“नव्हते.”

“मग बाबांचा चेहरा तुला आठवत नाही?”

आईने सालं गोळा केली.

“आठवायची वेळच कुठे आली गं?” ती म्हणाली. “तू कायम समोर होतीस.”